चौकात कायमचं शिल्प बसवायचंय, पण काय, कुठे आणि पुसणार कोण?

पेठकरी:
मंडळी नमस्कार, बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय आणि जरा लांबलाय, चहा घेऊन बसा. आमचं तालुक्याचं गाव, नाव मुद्दाम लिहीत नाही. मुख्य बाजारपेठेचा चौक आहे, तीन बाजूंना गुळाची भुसाराची जुनी दुकानं, चौथ्या बाजूला वाचनालय आणि त्याच्यापुढे बऱ्यापैकी मोकळी जागा जिथे सध्या मोटरसायकली लागतात. चौकाच्या मधोमध गोल आयलँड, त्यात कारंजं. कारंजं दोन वर्षं उडलं मग मोटर जळाली, आता त्या हौदात गुटख्याच्या पुड्या आणि एक चप्पल आहे, डाव्या पायाची, गेलं वर्षभर तीच.

तर आता सुशोभीकरणाचा निधी आलाय आणि कारंजं काढून तिथे 'कायमस्वरूपी शिल्प' बसवायचं असं ठरतंय. पाच जणांची नागरिक समिती केली त्यात मला घेतलं कारण काय तर मी शाळेत असताना इंटरमिजिएट ड्रॉइंग पास झालो होतो :) पहिल्या मीटिंगला आलेल्या सूचना: सात धावणारे घोडे, फायबरची गुळाची ढेप, पृथ्वीचा गोल, आणि अर्थातच बदामाचं चिन्ह घालून गावाच्या नावाची लाल अक्षरं. मी म्हटलं हमाल करा. पाठीवर पोतं, हातात हूक. ही पेठ ज्यांच्या पाठीवर उभी राहिली त्यांचं एक साधं चित्रसुद्धा गावात कुठे नाही. दोघे हो म्हणाले, एक गप्प आणि एक म्हणाले "हमालाचा पुतळा बघायला कोण येणार?"

धातू घ्यावा का दगड, आयलँडवर का वाचनालयापुढे, शिल्पकार कसा निवडायचा, ज्यांना अनुभव आहे त्यांनी लिहा.

मुंगळा:
सात घोडे नको प्लीज. आमच्या इथे आहेत, त्यातल्या दोघांच्या शेपट्या गेल्यात आणि एकाच्या तोंडात कोणीतरी पतंगाचा मांजा अडकवलाय तो तसाच आहे. हमालाला +१.

चहाटपरी:
माझं स्पष्ट मत, आधी गटारं करा, मग शिल्पं.

पेठकरी:
@चहाटपरी गटारांचा बजेटमधला हेड वेगळा, हा हेड वेगळा, हा पैसा गटारात घालता येत नाही. (आणि मागच्या वेळी घातला होता तो कुठे गेला ते तुम्हालाही माहितीय.)

नियमावली:
मालक, काय बसवायचं ते नंतर बघा, कुठे ते आधी. सर्वोच्च न्यायालयाचा १८ जानेवारी २०१३ चा आदेश आहे, सार्वजनिक रस्ते, फुटपाथ वगैरे ठिकाणी पुतळा किंवा कुठलंही बांधकाम उभारायला राज्यांनी परवानगी देऊ नये. त्यातच पुढे म्हटलंय की हायमास्ट, पथदिवे, वाहतुकीसाठीची कामं आणि रस्त्यांचा विकास-सुशोभीकरण यांना हे लागू नाही. म्हणून सगळ्या नगरपरिषदा सुशोभीकरण हा शब्द वापरतात. आता तुमचा हमाल पुतळा का सुशोभीकरण, यावर उद्या कोणी कोर्टात गेलं तर दोन्ही बाजूंनी भांडता येईल आणि तोपर्यंत चौथऱ्यावर ताडपत्री. ताडपत्रीत गुंडाळलेले पुतळे महाराष्ट्रात काय कमी आहेत का.

दुसरं, राज्य सरकारचा २ मे २०१७ चा जीआर आहे, तो थोर व्यक्तींच्या पुतळ्यांसाठी. त्यात जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, जागेच्या मालकीचे कागद, पोलिसांचा ना हरकत दाखला, मातीच्या मॉडेलला कला संचालनालयाची मान्यता, देखभाल कोण करणार याची हमी असं सगळं लागतं. तुमचा हमाल कुणी एक ठराविक माणूस नाही त्यामुळे तो सरळसरळ त्यात बसत नाही, पण माझा सल्ला विचाराल तर तीच यादी पुढे ठेवून फाइल करा. वाचनालयापुढची जागा नगरपरिषदेच्या नावावर असेल तर निम्मं डोकं हलकं झालं. सातबारा नाही, सिटी सर्व्हेचं प्रॉपर्टी कार्ड काढा.

पेठकरी:
बापरे. प्रॉपर्टी कार्ड उद्याच बघतो.

फणसाळ:
मालवणचं विसरू नका एवढंच सांगायला आलो. राजकोट किल्ल्यावरचा शिवाजी महाराजांचा ३५ फुटी पुतळा, ४ डिसेंबर २०२३ ला अनावरण, २६ ऑगस्ट २०२४ ला पडला. पुरते नऊ महिनेसुद्धा नाहीत. चौकशीच्या अहवालात गंज, कमकुवत सांगाडा आणि वेल्डिंगमधल्या चुका आल्या. आम्ही समुद्राजवळची माणसं, आमच्याकडे साधी ग्रिल तीन पावसाळ्यांत पोपडे धरते. ज्या दिवशी बातमी आली त्या दिवशी घरात जेवण गेलं नाही कोणाला, अजून लिहितानाही बरं वाटत नाही. तर तारीख आधी ठरवून काम त्या तारखेत कोंबू नका एवढंच. कोणाच्या हस्ते, कधी, हे शिल्प तयार झाल्यावर बघा.

ओतारी:
धागा आत्ता बघितला. वीस वर्षं फाउंड्रीत आहे, आता स्वतःचं छोटं युनिट, त्यामुळे मी थोडं सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर सोडून द्या.

फायबर घेऊ नका. पेठेत ऊन पडतं, चार-पाच वर्षांत वरचा कोट उडतो, मग दरवर्षी सोनेरी रंग मारायचा आणि तो रंग मारणारा डोळ्यांतसुद्धा सोनेरी मारतो. धातू परवडत असेल तर ब्राँझ किंवा गनमेटल. पुतळ्यांच्या टेंडरमध्ये ८५-५-५-५ असं लिहिलेलं असतं, म्हणजे ८५ टक्के तांबं आणि कथील, शिसं, जस्त प्रत्येकी पाच. लिहिलेलं असतं म्हणजे ओततातच असं नाही म्हणून नमुना घेऊन लॅबला पाठवायची अट घाला, आणि नमुना ठेकेदाराने आणून द्यायचा नाही, तुमच्यासमोर कापायचा.

आता हिशोब. समजा ८ फुटी हमाल, पोतं-धोतर धरून पृष्ठभाग अंदाजे ६ चौरस मीटर. आतून पोकळ असतो, जाडी ६ मिलिमीटर धरा. म्हणजे धातू ०.०३६ घनमीटर, ब्राँझचं वजन घनमीटरला ८८०० किलोच्या आसपास, झाले सव्वातीनशे किलो. टेंडर किलोच्या दराने काढलं की माणूस जाडी वाढवतो आणि अडीच पट वजनाचं बिल लावतो, एकरकमी काढलं की जाडी तीनवर आणतो. म्हणून एकरकमी काढा आणि किमान जाडी लिहा, आणि ती मापून घ्या. जाडी मापायचं अल्ट्रासॉनिक यंत्र हातात मावतं एवढं असतं, कुठल्याही टेस्टिंगवाल्याकडे मिळेल.

सर्वात महत्त्वाचं आतला सांगाडा. लोक आत साधं लोखंड घालतात. ब्राँझ आणि लोखंड एकमेकांना टेकले आणि त्यात ओल आली की लोखंड खाल्लं जातं, हे बॅटरीसारखंच आहे. गंज फुगतो, फुगला की बाहेरच्या धातूला चीर पाडतो. बाहेरून काहीच दिसत नाही, हमाल मस्त उभा, आतून पाय पोकळ. त्यामुळे सांगाडा स्टेनलेसचा, जोडाजवळ मध्ये रबर किंवा टेफ्लॉनचं वायसर, आणि तळव्याशी पाणी जायला भोकं. ही भोकं ठेवायला शंभरातले नव्वद जण विसरतात. एकदा दुरुस्तीला आलेला एक पुतळा (गाव सांगत नाही) आडवा केला तर गुडघ्यातून बादलीभर काळं पाणी आलं, वास असा की पोरं बाहेर पळाली.

शाहूपुरी_बॉय:
@ओतारी जबरदस्त प्रतिसाद, तुमचा वेगळा धागा पाहिजे यावर. आमच्या कोल्हापुरात कावळा नाक्यावर ताराराणींचा पुतळा आहे, रवींद्र मेस्त्रींचा, घोडा मागच्या दोन पायांवर. लहानपणी एसटीतून जाताना मला कायम वाटायचं आज पडणार. एवढं वजन दोन खुरांवर कसं पेलत असेल ते आत्ता तुमचं वाचून डोक्यात शिरलं.

बाकी हमालाच्या आयडियाबद्दल, मुंबईत हुतात्मा चौकात जे स्मारक आहे त्यात मशाल घेतलेला शेतकरी आणि कामगार, त्यांनाही नाव नाही. म्हणून ते सगळ्यांचे. "बघायला कोण येणार" म्हणणाऱ्या काकांना सांगा.

चहाटपरी:
शेतकरी-कामगार ठीक आहे, ते आंदोलनाचं स्मारक आहे, १०६ जण गेले त्यात. हमाल म्हणजे कष्टाचं कौतुक करायचं आणि मजुरीचं बोलायचं नाही. गावातल्या हमालांना विचारलं का कोणी? त्यांना पुतळा पाहिजे का बसायला शेड?

पेठकरी:
@चहाटपरी हे मात्र लागलं. विचारलं नाही. विचारतो.

कोलंबसची_वहिनी:
मी सहसा फक्त वाचते पण या विषयावर राहवत नाही. आम्ही सात वर्षं अमेरिकेत इंडियानातल्या कोलंबसला होतो, ह्यांची कमिन्सची नोकरी, पुण्याहून तिकडे गेलेली घरं तिथे इतकी की गणपतीला मोदकाची पातेली पुरायची नाहीत. गाव केवढं तर जेमतेम पन्नास हजार वस्ती. आणि त्याच्या मुख्य बाजारात वाचनालयापुढे हेन्री मूर या नावाजलेल्या इंग्रज शिल्पकाराची ब्राँझची कमान, लार्ज आर्च, वीस फूट उंच. वाचनालयाची इमारत आर्किटेक्ट आय. एम. पेईंची, १९६९ ची, कमान १९७१ ला आली, पश्चिम बर्लिनमध्ये ओतलेली. तिथले कारखानदार मिलर आणि त्यांच्या बायकोने गावाला दिली.

पहिल्यांदा बघितली तेव्हा मला वाटलं हे काय, कुणाचं तरी हाड आणून ठेवलंय. खरंच हाडासारखी दिसते, हिरवट. पण आमची लेक दर शनिवारी गोष्टीच्या तासाला जाताना तिच्याखालूनच जायची, बाजूने नाही. आतल्या बाजूला हात लावायचा, थंड आहे का गरम ते सांगायचं आणि मग पुस्तकं. चौथरा नाही, साखळी नाही, 'हात लावू नये' अशी पाटी मला तरी आठवत नाही. चार वर्षांची पोर आणि हेन्री मूर, मध्ये काही नाही. म्हणून माझं मत वाचनालयापुढे ठेवा आणि जमिनीवर ठेवा. आयलँडवर ठेवलंत तर तो हमाल फक्त ट्रॅफिक बघणार आणि ट्रॅफिक त्याला.

आणि तिथेच बाजारातल्या हॉलमध्ये जाँ तँगली म्हणून शिल्पकार होते त्यांचं केऑस वन नावाचं यंत्र आहे, १९७४ चं, भंगार लोखंडाचं, तीस फूट, चाकं फिरतात गोळे गडगडतात. गंमत अशी की त्याच्याभोवतीची इमारत २००८ ला पाडली, २०११ ला नवी झाली, यंत्र जागचं हललं नाही, त्याला झाकून ठेवून त्याच्याभोवती नवीन बांधली.

मुंगळा:
आपल्याकडे उलटं. इमारत तशीच राहते आणि शिल्प गोडाऊनमध्ये.

नियमावली:
वहिनी, जमिनीवर ठेवायची कल्पना चांगली आहे पण आपल्याकडे दुसऱ्या दिवशी हमालाच्या हुकाला कोणीतरी दुधाची पिशवी लटकवणार, निवडणुकीत गळ्यात उपरणं. विटंबना झाली असा गवगवा व्हायला वेळ लागत नाही.

कोलंबसची_वहिनी:
पिशवी लटकवू दे की! हमालच आहे तो. उपरण्याचं मात्र मान्य.

ओतारी:
हूक तेवढा जाड करा, नाहीतर दूधपिशवीचं सोडा, पोरं लोंबकळणार. आणि लोक हात लावतात तिथला ब्राँझ पिवळा धमक होतो, त्याने काही बिघडत नाही.

राणीबाग:
जागेवरून आठवलं. मुंबईतला काळा घोडा. मूळ पुतळा सातव्या एडवर्डचा, युवराज असतानाचा, घोड्यावर बसलेला, १८७९ ला बसवला. १९६५ ला तो काढून भायखळ्याला राणीच्या बागेत नेला. पण लोक त्या जागेला काळा घोडाच म्हणत राहिले, पन्नास वर्षं, घोडा नसताना! मी तिथे नोकरी केली, बाहेरगावचा पाहुणा विचारायचा घोडा कुठेय, आणि आम्ही पार्किंगकडे बोट दाखवायचो. २०१७ ला नवा घोडा आला, श्रीहरी भोसल्यांनी केलेला, वर स्वार नाही. म्हणजे लोकांनी राजा विसरला आणि घोडा लक्षात ठेवला. तुमच्या समितीतल्या त्या काकांना सांगा की लोक काय लक्षात ठेवतील ते आपल्या हातात नसतं.

शाहूपुरी_बॉय:
"पार्किंगकडे बोट दाखवायचो" हाहाहा

सिमेंटवाला:
धातूच का पण? नानासाहेब करमरकरांनी सिमेंटमध्ये काय काय केलंय ते अलिबागजवळ सासवण्याला त्यांच्या घरी जाऊन बघा, संग्रहालय आहे. अंगणातली म्हैस बघून आमच्या आत्याने "हाड् हाड्" केलं होतं, शपथ. हेच करमरकर ज्यांनी पुण्याचा शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा केला, १९२८ चा, तो मुंबईत माझगावच्या गोदीत एका ओतात ओतला. म्हणजे ब्राँझ येत होता तरी माणूस सिमेंटकडे वळला. तुमचा निधी कमी पडत असेल तर चांगल्या शिल्पकाराकडून सिमेंट घ्या, वाईट ठेकेदाराकडून ब्राँझ नको.

ओतारी:
शेवटचं वाक्य १०० टक्के. फक्त सिमेंटमध्ये आतल्या सळईवर सिमेंटचं कव्हर नीट पाहिजे, नाहीतर तीच गंजाची कहाणी. आणि माझगावचा तो ओत म्हणजे आमच्या धंद्यातलं देऊळ आहे. आज एवढं मोठं काम बहुतेक ठिकाणी तुकड्यांत ओतून जोडतात.

तिरकी_कमान:
सगळे गोड गोड लिहितायत म्हणून एक कडू. न्यूयॉर्कला फेडरल प्लाझामध्ये शिल्पकार रिचर्ड सेरांचं टिल्टेड आर्क होतं, १९८१ चं, १२० फूट लांब १२ फूट उंच पोलादाची भिंत, आडवी. तिथे काम करणाऱ्यांना ऑफिसात जाताना वळसा पडायचा. तक्रारी, सुनावणी, कोर्ट, शेवटी १९८९ ला रात्रीत कापून काढली. शिल्प वाईट होतं का? मला स्वतःला फोटोत फार आवडतं. पण मी तिथून रोज डबा घेऊन जात नव्हतो. त्यामुळे मोटरसायकलवाल्यांशी आत्ताच बोला, वाचनालयापुढची जागा त्यांची सवयीची आहे, हमालाचे पहिले शत्रू तेच होणार.

पेठकरी:
आमचा पार्किंगवाला शत्रू नंबर एक म्हणजे समितीतलेच गप्प बसलेले सदस्य, त्यांची बुलेट रोज तिथेच असते :)

एक विचारतो, बसवायच्या आधी लोकांना अंदाज कसा द्यायचा? कागदावरचं चित्र दाखवलं की सगळे "छान छान" म्हणतात.

कोलंबसची_वहिनी:
कोलंबसला २०१७ पासून एक वर्षाआड एक्झिबिट कोलंबस भरतं, बाजारात, चर्चपुढे, नदीकाठी काही महिन्यांपुरत्या रचना उभ्या करतात आणि मग काढतात. काही आवडायच्या, काही बघून आम्ही मान हलवायचो, पण काढणार हे माहीत असल्यामुळे भांडण नाही. तुम्ही पंधरा दिवसांपुरतं नकली उभं करा ना.

मुंगळा:
अहो गणपती मंडळाचा डेकोरेटर पकडा! बांबू, चटया, कापड, कागदाचा लगदा, आठ फुटी हमाल दोन दिवसांत उभा करेल. आपल्याकडे एवढे हात आहेत आणि आपण थ्रीडी व्ह्यू काढत बसतो.

पेठकरी:
मंडळी अपडेट, दीड महिन्याने लिहितोय, सॉरी.

प्रॉपर्टी कार्ड निघालं, वाचनालयापुढची जागा नगरपरिषदेचीच आहे. आयलँडचा विषय मुख्याधिकाऱ्यांनी स्वतःच बाजूला ठेवला, नियमावली यांचा प्रतिसाद मी प्रिंट काढून दिला होता (नाव झाकून).

मुंगळा यांच्या सल्ल्याने डेकोरेटर पकडला. बांबूचा सांगाडा, वर चटई आणि गोणपाट, आठ फूट. शिल्पकार अजून ठरलेला नाही, हा नुसता आकार बघायला. शनिवारी बाजाराच्या दिवशी वाचनालयापुढे उभा केला, जमिनीवर. पहिल्या तासात तीन सेल्फी, एका शेळीने गोणपाट चावलं, आणि सगळ्यांचं मत एकच की फार उंच आहे. आठ फूट कागदावर बरे वाटतात, जमिनीवर उभे केले की हमाल राक्षस दिसतो. आता सहा-सव्वासहा फुटांवर आलोय. ओतारी, तुमचं वजनाचं गणित परत करायला लागेल.

आणि चहाटपरी यांचं ऐकून हमालांना बोलावलं होतं. सात-आठ जण आले, त्यात एक सत्तरीचे बाबा, ज्यांनी क्विंटलाची पोती उचललेली. ते बराच वेळ मागून बघत राहिले. मग म्हणाले "ह्यो काय पोतं उचलनारा न्हाई. खांद्यावर घेतलंय, ही काय कावड हाय का? मान मोडंल." आणि वाकून दाखवलं, पोतं पाठीवर मानेखाली कुठे बसतं, डोक्यावरून खोळ कशी येते, पाय किती फाकतात. डावा पाय जरा पुढे, टाच आधी नाही, अख्खा तळवा. मी मोबाइलवर व्हिडिओ घेतला, शिल्पकारांना जे माहितीपत्रक जाईल त्यासोबत हाच व्हिडिओ जोडायचा असं समितीत मंजूर झालं. तीन शिल्पकारांकडून छोटी मातीची मॉडेल्स मागवायची, प्रत्येकाला मॉडेलचे पैसे द्यायचे, फुकट नाही, आणि त्या बाबांना निवडीच्या दिवशी खुर्ची द्यायची.

शेडही मागितली त्यांनी. वाचनालयाच्या भिंतीला लागून बाक आणि पत्रा, हे त्याच ठरावात घातलंय. तो पास होईल की नाही ते पुढच्या सभेत कळेल.

चहाटपरी:
शेड झाली तर मी स्वतः येऊन हमालाला हार घालीन. पत्रा नको पण, उन्हाळ्यात भाजेल. कौलं टाका.

ओतारी:
सव्वासहा फूट म्हणजे सगळी मापं त्या प्रमाणात कमी, पृष्ठभाग साधारण सहाचा पावणेचार धरा, वजन दोनशे किलोच्या आत. वाचलेले पैसे देखभालीला वेगळे काढून ठेवा, वर्षातून एकदा धुऊन मेणाचा हात. दिवाळीच्या आधी ठेवा म्हणजे लक्षात राहील. आणि बाबांना विचारा हूक कुठल्या हातात असायचा, डेकोरेटरने डाव्यात दिलाय फोटोत.

पेठकरी:
विचारलं आत्ता फोन करून. म्हणाले उजव्या. पण पोतं पाठीवर आलं की हूक कमरेला खोचायचा, हातात नाही.